हॅरी बर्टोयाच्या सळया आणि आमचा कोठा

हॅरी बर्टोया या शिल्पकाराचं नाव माझ्यापर्यंत खुर्चीच्या वाटेनं आलं. पवनी-भंडारा रस्त्याला लागून माझं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ग्रील, धान मळायच्या मशीनची डागडुजी, ट्रॉलीचे फाळके, ही रोजची कामं. त्याआधी कला शिक्षक पदविका केली होती. शाळेत जागा निघेल म्हणून वाट पाहिली, मग होल्डर हातात घेतला. चित्रकला सुटली नाही, साहित्य तेवढं बदललं. एका गिऱ्हाइकाला अंगणात ठेवायला तारेची खुर्ची हवी होती, आणि त्यानं मोबाईलवर दाखवलेला फोटो बर्टोयाच्या डायमंड चेअरचा निघाला. नॉल कंपनीनं १९५२ मध्ये बाजारात आणलेली ही खुर्ची म्हणजे पोलादी तारांची नुसती जाळी. या खुर्च्या मुख्यतः हवेच्याच बनलेल्या आहेत, अवकाश त्यांच्यातून आरपार जातो, असं बर्टोया म्हणायचा. आयुष्यभर लोखंड जोडणाऱ्या माणसाला हे वाक्य झोपू देत नाही. मी त्याच्या मागेच लागलो.

पुढे कळलं, की खुर्च्यांच्या पैशानं मोकळीक मिळाल्यावर तो शिल्पांकडे वळला, आणि त्या शिल्पांतून शेवटी अकरा ध्वनिमुद्रिका निघाल्या. ‘सोनॅम्बिएंट’ या नावाखाली. त्यांच्याबद्दल मराठीत मला काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हे लिहितो आहे. शिवाय माझं त्यावर एक ठाम मत आहे. शिल्पकारानं फावल्या वेळात केलेलं संगीत म्हणून हे अल्बम बाजूला टाकले जातात. मला ती शिल्पंच वाटतात, कानानं बघायची.

आधी माणूस थोडा सांगतो. बर्टोयाचा जन्म १९१५ चा, इटलीच्या ईशान्येकडच्या सान लोरेंझो या खेड्यातला. पंधरा वर्षांचा असताना वडिलांबरोबर मोठ्या भावाला, ओरेस्तेला, भेटायला अमेरिकेतल्या डेट्रॉईटला गेला आणि तिथेच राहिला. पुढे क्रॅनब्रुक कला अकादमीत शिकला, आणि १९३९ मध्ये तिथलीच धातुकामाची कार्यशाळा त्याच्याकडे आली. मग युद्ध सुरू झालं, धातू मिळेना, तेव्हा तो दागिन्यांकडे वळला; दागिन्यांना धातू थोडाच लागतो. पुढे कॅलिफोर्नियात चार्ल्स आणि रे ईम्स या फर्निचर घडवणाऱ्या जोडप्याबरोबर काम केलं. १९५० मध्ये तो पेनसिल्व्हेनियाच्या ग्रामीण भागात आला, तो कायमचाच. बॅली नावाच्या छोट्या गावात त्याची कार्यशाळा होती. वास्तुकार ईरो सारिनेननं एमआयटी या अमेरिकी विद्यापीठासाठी बांधलेल्या चॅपेलमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, वेदीच्या मागे वरून खाली उतरणारा जो धातूचा पडदा आहे, तो याचाच.

आवाजाकडे तो १९६० च्या सुमारास वळला. त्याची हकिगत अशी सांगतात: तो एक तार वाकवत होता, ती तुटली आणि शेजारच्या तारेवर आदळली. तो आवाज त्याच्या मनात राहिला. एका तारेचा एवढा आवाज, तर पुष्कळ सळया शेजारी-शेजारी उभ्या केल्या तर? आमच्या धंद्यात तार रोज तुटते. तुटली की आम्ही शिवी देऊन दुसरी घेतो. हा थांबला आणि त्यावर त्यानं उरलेली अठरा वर्षं घातली.

त्याची रचना सांगायला सोपी आहे. खाली जड धातूची पाटी, तिच्यात ओळीनं उभ्या रोवलेल्या सळया. कुठे थोड्याच, कुठे दाट. कुठे गुडघ्याएवढ्या, कुठे माणसाच्या डोक्यावरून जाणाऱ्या. काहींच्या टोकांना जाड नळकांडी वजनं बसवलेली. हातानं सरकवल्या, मुठीत धरून सोडल्या, नुसता तळवा फिरवला, की त्या एकमेकींवर आपटत डोलत राहतात. जोडीला मोठाले गाँग, म्हणजे ठोकून वाजवायच्या धातूच्या थाळ्या. घराजवळच्या जुन्या दगडी कोठारात त्यानं ही शिल्पं एकेक निवडून, जागा बदलून-बदलून मांडली; शंभराच्या आसपास होती ती. भाऊ ओरेस्तेही येऊन वाजवायचा. वरून मायक्रोफोन टांगले, टेप रेकॉर्डर लावला आणि दोघं सळयांमधून फिरत राहिले. अशा शेकडो टेप मागे उरल्या. त्यांतला पहिला अल्बम १९७० मध्ये निघाला: एका बाजूला ‘बेलिस्सिमा बेलिस्सिमा बेलिस्सिमा’, दुसऱ्या बाजूला ‘नोव्हा’. उरलेले दहा १९७८ मध्ये, त्याच्या अखेरच्या वर्षात. इम्पॉर्टंट रेकॉर्ड्स या कंपनीनं पुढे अकराच्या अकरा सीडींच्या संचात पुन्हा काढले, म्हणून आज ते माझ्यासारख्यापर्यंत पोचले.

मोबाईलच्या स्पीकरवर हे ऐकू नका. मोबाईलमधून नुसती किणकिण येते. खालचा गाँगचा भाग त्या एवढ्याशा पत्र्यातून निघतच नाही. मी आमच्या गावच्या भजनी मंडळाचा मोठा साउंड बॉक्स मागून आणला आणि कोठ्यात ठेवला. कोठा म्हणजे आमचा गुरांचा कोठा: मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर कवेलू. बैलजोडी विकून झाली, नांगरणी आता भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते, एक गाय तेवढी उरली आहे. तिला अंगणात बांधली की आतली जागा मोकळी. एका गोष्टीचा शोध मला तिथेच लागला. दिवाळीनंतर कोठ्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरलेली असते तेव्हा आवाज जागच्या जागी बसतो, शेपूट उरत नाही. उन्हाळ्यात तणस संपत येते, माती उघडी पडते आणि तोच अल्बम, त्याच बॉक्सवर, दुप्पट लांब ऐकू येतो. बर्टोया शिल्पांच्या जागा पुन्हा पुन्हा का बदलत होता, हे मला पुस्तकातून कळलं नसतं.

काका बॉक्स परत न्यायला आले तेव्हा ‘नोव्हा’ चालू होतं. हे काका आमच्या मंडळात खंजेरी वाजवतात, राष्ट्रसंतांची भजनं त्यांना शेकड्यानं पाठ आहेत. दारातच थांबले.

“काय लावून ठेवलं बे हे? याले सूर कुठी आहे?”

“सूर नाही काका. सळया आहेत. एका माणसानं उभ्या केल्या अन् हातानं हालवल्या.”

“अन् त्याची रेकाड काढली?”

“अकरा काढल्या.”

काका खाटेवर बसले. पूर्ण बाजू ऐकून घेतली. मधात बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, “खंजेरी कानाजवळ धर एकदा. चकत्या असाच आवाज देतात. आमी त्याच्यावरून भजन म्हनतो म्हनून ते कोनाले आयकू येत नाही.”

हे मला एकदम पटलं. आपल्या भजनात सुराच्या बाहेरचा धातू पहिल्यापासून आहेच. टाळ आहे, झांज आहे, खंजेरीच्या चकत्या आहेत. त्यांना सा-रे-ग-म मध्ये बसवायचा आग्रह कोणी धरत नाही. बर्टोयानं त्यांच्यावरचं भजन काढून घेतलं आणि चकतीला स्वतःचं बोलू दिलं, वीस-वीस मिनिटं.

बाबांचं ऐकणं वेगळं. ते तरुणपणी भंडाऱ्याला पितळी भांड्यांच्या कारखान्यात कामाला होते. भंडारा पितळेसाठी नावाजलेलं. ठोक्यांच्या आवाजात एकेक गल्ली उठायची, असं ते सांगतात. भांड्याला टिचकी मारून चीर ओळखणारा त्यांचा कान अजून शाबूत आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील. पितळ लवकर गप्प होतं, कासं बोलत राहतं, म्हणून घंटा आणि टाळ काशाचे. हे मला त्यांनी मी शाळेत जाण्याच्या आधी शिकवलं. त्यांना मी काही न सांगता गाँगचा एक भाग ऐकवला. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “पातळ पत्रा नोहे हा. जाड आहे, अन् मोठा आहे. मधात नाही मारलं, काठाकडे मारलं.” म्हणजे त्यांनी जाडी ऐकली, व्यास ऐकला, हात कुठे लागला तेही ऐकलं. राग, ताल, भाव यांतलं काही त्यांच्या बोलण्यात आलं नाही. शिल्पासमोर उभा राहिलेला माणूस जे बघतो, नेमकं तेच त्यांना ऐकू आलं. माझं मत तिथे पक्कं झालं.

मग हे स्वतःच्या हातांनी करून बघणं आलंच. सळया तर दुकानात पडलेल्याच होत्या. इथे थोडं गणित सांगतो, कारण त्याशिवाय या अल्बममध्ये काय चाललं आहे ते उलगडत नाही.

तंबोऱ्याची तार दोन्ही टोकांना बांधलेली असते. छेडली की मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूरही निघतात. पूर्ण पटीत असल्यामुळे ते एकमेकांत मिसळतात आणि कानाला एकच भरलेला सूर मिळतो. एका टोकाला रोवलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी सळई असं वागत नाही. तिचा दुसरा सूर मूळ सुराच्या साधारण सव्वासहा पट असतो, तिसरा साडेसतरा पट. हे सूर एकमेकांत विरघळत नाहीत, शेजारी-शेजारी राहतात. काका विचारत होते सूर कुठे आहे. उत्तर हेच, की अनेक आहेत आणि कोणी कोणाचा अंकित नाही. लांबीचा हिशोबही निराळा. तार निम्मी केली तर सूर एक सप्तक चढतो. सळई निम्मी केली तर चौपट कंपनं, म्हणजे दोन सप्तकं. जाडी दुप्पट केली तर कंपनं दुप्पट. आणि त्याच मापाची पितळेची सळई पोलादी सळईच्या साधारण दोन तृतीयांश कंपनांवर बोलते, म्हणजे बरीच खाली.

आता ६ मिलिमीटर जाडीची, १ मीटर लांबीची पोलादी सळई घ्या. तिचं मूळ कंपन सेकंदाला जेमतेम ४ वेळा. माणसाचा कान सेकंदाला २० कंपनांच्या खाली पोचत नाही. तेव्हा हा मूळ सूर ऐकू येत नाही, पण डोळ्यांना चांगला दिसतो: सळई सावकाश डोलते. बायको चहा घेऊन कोठ्यात आली, बघून म्हणाली, “धान डुलते तसंच डुलते हे.” अगदी बरोबर. कानाला मिळतात ते वरचे सूर, आणि खर्ज डोळ्यांकडे जातो.

हे कळल्यावर मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो. ज्या वाद्याचा खर्ज दिसतो आणि वरचे सूर ऐकू येतात, असं वाद्य चित्रकार-शिल्पकाराच्याच हातून घडावं, यात मला नवल वाटत नाही. गवयाला हे वाद्य अर्धवट वाटलं असतं, कारण त्याचा पाया कानाच्या बाहेर राहतो. शिल्पकाराचा पाया आधीपासून डोळ्यांत असतो.

मग प्रश्न पडतो, की ध्वनिमुद्रिकेत डोळ्यांचं काय? तबकडीवर तर फक्त ऐकू येणारा भाग उतरला. ज्यांना हे अल्बम कंटाळवाणे वाटतात त्यांची तक्रार बहुधा हीच असणार. माझं उत्तर असं: डोलणं तबकडीवर उतरलेलं आहे, पण लय होऊन. सळया डोलताना एकमेकींना टेकतात, आणि त्या टेकण्याचा वेग डोलण्याच्या वेगावरच ठरतो. लांब सळया असतील तिथे टकटक सैल आणि दूर-दूर, आखूड असतील तिथे नुसती सरसर. सुरुवातीला सगळ्या एकदम आपटतात, मग डोलण्याची झेप कमी होते, एकेक सळई गळत जाते, शेवटी दोघी-तिघीच एकमेकींना शोधत राहतात. त्या विरत जाण्याला बर्टोया घाई करत नाही. अल्बमवर असा उतार आला, की मी डोळे मिटून सळईची उंची मोजतो. आता ते जमतं. आणि दोन सळया जवळजवळ सारख्या असल्या, पण अगदी सारख्या नसल्या, तर त्यांच्या आवाजात एक हेलकावा येतो, आवाज फुगतो आणि ओसरतो. दोघींच्या कंपनांतला फरक जेवढा, तेवढे हेलकावे सेकंदाला. कारखान्यातून आलेल्या सळया दिसायला एकसारख्या, पण कापताना केसभर फरक राहतो. तो केसभर फरक तुम्हाला बसल्या जागी ऐकू येतो.

माझ्या कामातलं थोडं सांगतो, कोणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल. बांधकामाची सळई यासाठी निरुपयोगी, वाकली की वाकलेलीच राहते. साधी गोल सळई थोडी बरी. उत्तम निघाले ते सायकलचे जुने स्पोक. स्पोक कडक पोलादाचा असतो, कितीही वाकवून सोडा, जागेवर येतो. आमच्याकडे सायकलदुकानात मोडक्या चाकांचा ढीग असतो, तो कोणी विकतही घेत नाही. मात्र स्पोकला बुडाशी वेल्डिंग करू नका. आच लागली की पोलादाचं पाणी उतरतं आणि नेमकं जिथे ताठपणा हवा तिथेच सळई मऊ पडते. जाड प्लेटला बारीक छिद्रं पाडायची, स्पोक ठोकून घट्ट बसवायचा. बूड थोडंसुद्धा सैल राहिलं तर झरझर असा फुटका आवाज येतो आणि लांब वाजणं संपतं. पाटी जड हवी. हलकी असली तर सगळी थरथर तीच खाऊन टाकते. मी मोडीत आलेल्या १२ मिलिमीटरच्या प्लेटचा तुकडा वापरला. स्पोकच्या टोकाला त्याचीच पितळी निपल फिरवून बसवली, की टोकं जड होतात, डोलणं मंदावतं आणि टेकण्याला किणकिण येते. बर्टोयाच्या नळकांड्यांचं काम हेच.

बर्टोयाच्या सळयांत बेरिलियम मिसळलेलं तांबंही असायचं. तांब्यात दोन टक्क्यांच्या आसपास बेरिलियम गेलं, की तांबं स्प्रिंगसारखं लवचीक होतं आणि तांब्याचा गोडवाही राहतो. आवाजासाठी याहून चांगला धातू मिळणं कठीण. पण बेरिलियमची धूळ आणि धूर फुप्फुसाला घातक. ६ नोव्हेंबर १९७८ रोजी बर्टोया फुप्फुसाच्या कर्करोगानं गेला, ६३ वर्षांचा. मी त्याचे अल्बम ऐकताना हे विसरू शकत नाही. आमच्या धंद्यात जीआय, म्हणजे जस्ताचा लेप दिलेला, पाईप जोडताना पांढरा धूर निघतो, त्या रात्री अंगात ताप भरतो, सकाळी उतरतो, आणि पोरं पुन्हा रुमाल बांधून कामाला लागतात. माझ्या दुकानात मी आता मास्कशिवाय होल्डर उचलू देत नाही. वेल्डिंग करणारं कोणी हे वाचत असेल तर त्यानं जस्ताचा लेप आधी घासून काढावा आणि उघड्या हवेत जोडावं. एवढं ऐकाच.

आवाजाकडे वळलेला बर्टोया हा काही एकटा चित्रकार-शिल्पकार नाही. इटलीचा लुइजी रुसोलो हा चित्रकारच. त्यानं १९१३ मध्ये गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा लिहिला आणि गुरगुरणाऱ्या, फुत्कारणाऱ्या पेट्या बनवल्या. फ्रान्सच्या झां द्युब्युफेची गोष्ट मला जास्त आवडते. घरचा दारूविक्रीचा धंदा, चाळिशीनंतर पूर्ण वेळ चित्रकला. १९६० च्या डिसेंबरात तो आणि डॅनिश चित्रकार अस्गर यॉर्न दोघं मिळून वाद्यं वाजवायला बसले. पियानो, व्हायोलिन, चेलो, जे हाताला लागेल ते, शिकल्याशिवाय. द्युब्युफेनं टेप रेकॉर्डर घेतला आणि पुढे एकट्यानंच थरावर थर चढवत गेला. १९६१ मध्ये व्हेनिसच्या कावालिनो गॅलरीनं त्याच्या सहा तबकड्यांचा संच काढला, फक्त ५० प्रती. ऐकताना त्याची चित्रंच समोर येतात: जाड, खरबरीत, चिखल-वाळू कालवून लिंपलेली. तो अडाणीपणा त्यानं जाणूनबुजून जपला आहे, आणि त्याला त्यातून खरंच काही नवं सापडलं आहे.

तरीही दोघांत निवडायचं झालं तर मी बर्टोया निवडीन. द्युब्युफे दुसऱ्यांनी घडवलेली वाद्यं घेतो आणि त्यांची शिकवण नाकारतो. व्हायोलिन कसं वाजवायचं असतं हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून त्याचं न येणं सतत जाणवत राहतं. बर्टोयाच्या सळया वाजवायची शिकवण जगात कुठेच नव्हती. नाकारायला काही नव्हतं. वाद्य, वादन, वाजवायची जागा, सगळं एकाच हातचं.

तबकड्यांपासूनच कलाकृती करणाऱ्या क्रिश्चन मार्क्लेचंही नाव घेतो. १९८५ मध्ये त्यानं वेष्टनाशिवाय एक तबकडी विकायला काढली. धूळ, ओरखडे, बोटांचे ठसे, जे काही तिच्यावर उमटेल ते त्या संगीतात जमा होत जाणार. विचार मला मोठा वाटतो. पण आमच्याकडे तबकडी वाजवायचं यंत्रच नाही आणि मोबाईलवर तिला ओरखडे पडत नाहीत, तेव्हा तिचं खरं ऐकणं माझ्या वाट्याला आलेलं नाही. त्यावर जास्त बोलणं बरं नव्हे.

ज्याला सुरुवात करायची आहे त्यानं ‘बेलिस्सिमा’च्या बाजूनं करावी, मग ‘नोव्हा’. नंतर ‘अनफोल्डिंग’. बॉक्स भिंतीपासून हातभर पुढे ठेवा. रात्री कृषिपंपाची लाईन बंद असते त्या पाळीत ऐका, कारण पंपांची घरघर नेमकी गाँगच्या खालच्या भागावर बसते आणि तो झाकून टाकते. आणि पहिल्यांदा ऐकताना बाकी काही करू नका. शेंगा फोडत-फोडत ऐकायचं हे संगीत नाही, निदान पहिल्या वेळी तरी.

माझ्या डोक्यात आता एक काम बसलं आहे. १९७५ मध्ये बर्टोयानं शिकागोच्या स्टँडर्ड ऑइल इमारतीसमोरच्या पाण्याच्या हौदात अशी अकरा शिल्पं उभी केली होती. तिथे वाजवणारा कोणी नव्हता. वारा वाजवायचा आणि खालचं पाणी ऐकणाऱ्याला सळया दोनदा दाखवायचं. आमच्या गावचा मामा तलाव आहे, मालगुजारांच्या काळात बांधलेला. त्याच्या पाळीवर उन्हाळ्यात दुपारनंतर वारा थांबत नाही. पाळ फोडायची नाही, खांब गाडायचा नाही. पाळीच्या टोकाला जुन्या घाटाचा दगडी चौथरा आहे, त्याच्यावर पाटी नुसती ठेवायची. ग्रामपंचायतीत बोललो आहे. सरपंचबाईंनी दोन प्रश्न विचारले: गुरांना लागणार नाही ना, आणि रात्री घरांपर्यंत ऐकू येणार नाही ना. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. टोकं गोल घासून घेईन, आणि लांबी अशी ठेवीन की आवाज पाळीवर उभ्या राहिलेल्यालाच यावा. पोलादाच्या सळया पाण्याजवळ गंजतील, म्हणून पितळेच्या हव्यात.

भंडारा, पवनी, लाखनी, साकोली या बाजूला कोणाकडे ४ ते ६ मिलिमीटर जाडीच्या, हातभर तरी लांब पितळी सळया मोडीत निघाल्या असतील तर मला कळवा. वाकलेल्या चालतील, सरळ करून घेईन. फक्त चीर गेलेली नको. मोडीच्या भावापेक्षा किलोमागे थोडं जास्तच देईन. आणि बाबा टिचकी मारून तपासणार आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.